स्टेजिंगचं सुतक

घर विकायचं असेल तर आधी घरातून स्वतःला काढून टाकावं लागतं, हे मला त्रेसष्टाव्या वर्षी एका सव्वीस वर्षांच्या मुलीने शिकवलं. तिचं नाव ऋतुजा आणि तिचा धंदा होम स्टेजिंगचा. म्हणजे विकायचं घर असं सजवायचं, की बघायला आलेल्याला तिथे आपणच राहतोय असं वाटावं. आमच्या घरात आम्ही राहतो हे दाराबाहेरूनच कळतं, असं तिचं पहिल्या भेटीतलं निदान होतं. एक्सरे उजेडात धरून डॉक्टर ज्या सुरात बोलतात, त्या सुरात तिने ते सांगितलं.

आम्ही बिबवेवाडीत तिसऱ्या मजल्यावर राहतो. लिफ्ट नाही. पायऱ्या एक्कावन्न. माझी बायको शकू हिचे दोन्ही गुडघे गेले आहेत. आठवड्यातून एकदा ती खाली उतरते, प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवून, आणि वर येताना दुसऱ्या मजल्यावर बसून घेते. कुणी विचारलं तर चपलेचा पट्टा निघाला असं सांगते. धनकवडीत तळमजल्यावरचा एक फ्लॅट आम्हाला मिळत होता. त्याचा मालक सोमवार संध्याकाळपर्यंत थांबायला तयार होता, पुढे एक मिनिट नाही. आमचं घर आतापर्यंत सात गिऱ्हाइकांनी पाहिलं आणि सातही जण "कळवतो" म्हणून जिना उतरले. आठवं गिऱ्हाईक रविवारी पाच वाजता येणार होतं. ते गेलं तर तळमजला गेला, आणि तळमजला गेला तर शकू वरच अडकली.

सल्ले सगळीकडून आले. कुणी दाराची दिशा बदलायला सांगितली, कुणी भिंतींना पिस्ता रंग. सोसायटीचे सेक्रेटरी श्यामसुंदर पाटणकर म्हणाले, "भाव उतरवा, गिऱ्हाईक आपोआप चढेल." शेवटी हिंजवडीला नोकरी करणाऱ्या आमच्या मुलीने, पूर्वाने, मला न विचारता ऋतुजाला अठरा हजार रुपये भरून टाकले आणि विषय संपवला.

ऋतुजाने घरभर फिरून यादी केली. यादीत काय ठेवायचं ते नव्हतं, काय काढायचं तेवढंच होतं. सोफा, शोकेस, कॅलेंडर, पूर्वाच्या लग्नाचा फोटो, दारावरची पाटी, तोरण, उंबऱ्यापुढची रांगोळी आणि देवघर. देवघरापाशी शकू अडली. ऋतुजा म्हणाली, "काकू, बायरला स्वतःचा देव इमॅजिन करता आला पाहिजे." देव दोन दिवस वाघोलीला माझ्या धाकट्या भावाकडे, संपतकडे, पाहुणे म्हणून जातील असं ठरलं. सोफाही तिकडेच, आणि आबांचं जुनं शिसवी कपाटही. आबा म्हणजे आमचे वडील, नागोराव, वय वर्षं एक्याण्णव. ते संपतकडेच असतात. हे कपाट आमच्याकडे वीस वर्षं उभं होतं आणि त्याला आम्ही नेहमी नुसतं 'आबांचं' म्हणत आलो.

खडकीच्या दारूगोळा कारखान्यात मी छत्तीस वर्षं भांडारात काढली. एखादी वस्तू दाराबाहेर काढायला काय काय लागतं ते मला कुणी शिकवायला नको. पण आमच्या पाटणकरांपुढे आमचा कारखाना म्हणजे धर्मशाळा. सामान हलवण्याचा अर्ज दोन प्रतींत, कारणासह. पहिल्या अर्जात मी 'होम स्टेजिंग' असं खरं कारण लिहिलं. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि सांगितलं, की जिन्यात स्टेज घालता येत नाही आणि पार्किंगमध्ये मंडप फक्त गणपतीत. खरं समजावून सांगायचं तर अठरा हजारांचा विषय निघणार. घरातलं सामान बाहेर काढण्यासाठी यांनी बाहेरच्या बाईला पैसे मोजले, ही बातमी आमच्या सोसायटीत वर्षभर पुरली असती. मी अर्ज मागे घेतला आणि दुसऱ्यात कारण लिहिलं, 'कौटुंबिक'. त्यावर सही झाली. अट अशी, की काम पहाटे सहाच्या आत उरकावं आणि जिन्यात आवाज होऊ नये.

रविवारी पहाटे साडेपाचला संपत टेम्पो आणि तीन माणसं घेऊन आला. कपाटाला ओरखडा पडू नये म्हणून शकूने ते पांढऱ्या चादरीत गुंडाळून दिलं. चौघांनी खांदा लावला. आवाज करायचा नव्हता, म्हणून सगळे गप्प होते. फक्त पहिल्या मजल्यावरच्या वळणावर, पाटणकरांच्या दाराशी, संपत हलक्या आवाजात म्हणाला, "जपून रं. आबांचं हाय."

मग ऋतुजाचं सामान वर आलं. ते सगळं पांढरं होतं. पांढरे पडदे, आणि सोफ्याच्या जागी जमिनीवर एक लांबलचक पांढरी गादी, कारण खाली बसलं की हॉल मोठा दिसतो. हॉलच्या कोपऱ्यात तिने एका ताटलीत बारीक पांढरी वाळू पसरली आणि वाळूत एकच पणती ठेवली. त्याला ती एथनिक टच म्हणाली. आम्हालाही पांढरे कपडे घालायचा हुकूम होता, म्हणजे आम्ही घरात मिसळून जाऊ. वास राहतो म्हणून तीन दिवस घरात फोडणी बंद होती आणि आम्ही ब्रेडवर होतो. मोबाइल आणि चार्जर स्वयंपाकघरातल्या खणात, वायर दिसता कामा नये. आणि शेवटची सूचना खास माझ्यासाठी होती. "काका, ओनरने बोलायचं नसतं. घराला बोलू द्यायचं."

एवढं सगळं ताजंतवानं झाल्यावर आपणही जरा नीट दिसावं, या एका साध्या इच्छेने माझा घात केला. जावयाने दिलेला ट्रिमर काढला आणि मिशी कातरायला घेतली. डावी बाजू जरा जास्त गेली. म्हणून उजवी थोडी घेतली. मग डावी उजवीहून मोठी दिसायला लागली. हे वाटाघाटीचं काम पाव तास चाललं आणि शेवटी दोन्ही पक्ष संपले. चाळीस वर्षांची मिशी बेसिनमध्ये पडली होती. शकूने माझ्याकडे पाहिलं आणि ती आत गेली. आमच्या लग्नात ती मिशी होती, त्यामुळे मिशीविना तिने मला कधी पाहिलेलंच नव्हतं.

दुपारी बाराच्या सुमारास जिन्याच्या भिंतीला ओरखडा गेला की काय हे बघायला पाटणकर वर आले. दार उघडंच होतं. त्यांनी उंबऱ्याकडे पाहिलं, रिकाम्या भिंतींकडे पाहिलं, गादीकडे, वाळूतल्या पणतीकडे, माझ्या पांढऱ्या कपड्यांकडे आणि मग बराच वेळ माझ्या ओठांवरच्या मोकळ्या जागेकडे पाहिलं. सजावट त्यांना आवडली असावी, असं मला वाटलं.

"कधी झालं?" त्यांनी हळू आवाजात विचारलं.

"पहाटे साडेपाचला हलवलं. उन्हाच्या आत गेलेलं बरं."

"चौघंच होतात?"

"चौघं पुरले. तुमच्या वळणावर जरा अडलं, पण संपतने सांभाळलं."

"त्रास काही?"

"छे. नाहीतरी फार जुनं झालं होतं. किती दिवस सांभाळणार?"

"आम्हाला सांगायचंत तरी, हिंदुराव."

"म्हटलं, उगीच सोसायटीभर बोभाटा कशाला."

मग चौदा वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि ओरखड्याचा विषय न काढता खाली गेले. ऋतुजाचे अठरा हजार वसूल झाले, असं मी शकूला सांगितलं.

साडेचारला ऋतुजाने पणती लावली आणि ती निघून गेली. मी गादीकडे बघत उभा राहिलो. बसलो तर तिला सुरकुत्या पडतील म्हणून बसवत नव्हतं. शकू स्वयंपाकघराच्या दारात हात पोटाशी धरून उभी होती, आणि ती मनात काय म्हणतेय ते मला न सांगता कळत होतं, कारण मीही तेच म्हणत होतो. ते ऐकायला देव मात्र वाघोलीला होते.

पावणेपाचला बेल वाजली. गिऱ्हाईक लवकर आलं म्हणून मी चेहरा आणि दार दोन्ही उघडले. दारात दुसऱ्या मजल्यावरची निशा होती, हातात झाकलेलं मोठं पातेलं. माझ्या नजरेला नजर न देता ती सरळ स्वयंपाकघरात गेली आणि पातेलं ओट्यावर ठेवून शकूला हॉलमध्ये घेऊन आली, गादीवर बसवलं, स्वतःही तिच्या शेजारी बसली. तिच्यामागून पाटणकर आले. त्यांच्यामागून तळमजल्याचे दोघे, मग समोरच्या इमारतीतले तिघे. सगळे चपला बाहेर काढून, एकही शब्द न बोलता भिंतीशी पाठ लावून बसले. गादी भरली. दहा मिनिटांत गिऱ्हाईक येणार, आणि इथे अख्खी सोसायटी फुकट घर बघायला येऊन बसली. शिवाय मी बोलायचं नव्हतं, घराने बोलायचं होतं.

शेवटी निशाच म्हणाली, "आबांचं कळलं. फार वाईट झालं. पिठलं-भात ठेवलाय, दोन घास खाऊन घ्या."

आपल्याकडे ज्या घरातून माणूस गेलं त्या घरात चूल पेटत नाही. शेजारी पिठलं-भात आणून देतात. मला सगळं एकदम दिसलं. देव नाहीत, रांगोळी नाही, फोडणीचा वास नाही, पिठावर लावावी तशी वाळूवर पणती, आणि आमच्या लोकांत माणूस मिशी काढतो ती बाप गेल्यावरच. पण हे दिसलं तरी कळलं नाही. आबा गेले हे यांना कळलं आणि मला कसं नाही? मी धावत जाऊन खण उघडला. मोबाइलवर संपतचे सतरा मिस्ड कॉल होते.

सतरा कॉल सुखाच्या बातमीसाठी कोणी करत नाही. मी उलटा फोन लावला, उचलला नाही. पुन्हा लावला, तेच. मी ओट्याला धरून खाली बसलो. घर दाखवायच्या गडबडीत दोन महिने मी वाघोलीला गेलो नव्हतो. मागच्या फोनवर आबा म्हणाले होते, "येऊन जा," आणि मी म्हणालो होतो, "घराचं एकदा होऊ दे." मला रडू आलं. माझ्या वयाचा माणूस रडतो तेव्हा फारसा आवाज होत नाही, पण तेवढा हॉलमध्ये ऐकू गेला असावा, कारण तिथली शांतता आणखी वाढली.

याच वेळी बेल वाजली. पाच वाजले होते.

आलेले गृहस्थ शमशुद्दीनभाई, भवानी पेठेत लाकडाची वखार असलेले, साठीतले, आणि बरोबर त्यांच्या पत्नी कमरजहां. मुलाचं लग्न ठरलेलं, त्याच्यासाठी घर हवं होतं. दारातूनच त्यांनी हॉल पाहिला. भाईंनी चपला काढल्या, डोक्यावर रुमाल घेतला आणि ते पाटणकरांशेजारी जागा करून बसले. कमरजहां शकूजवळ गेल्या आणि तिचा हात हातात घेऊन बसल्या. घर कसं आहे हे बघायला मान वर करून कुणी पाहिलंच नाही.

तेवढ्यात माझ्या हातातला मोबाइल थरथरला. संपत होता.

"दादा," त्याचा आवाज फाटला होता, "तू हाईस न्हवं?"

"मी आहे. आबा?"

"आबा शेजारी बसल्यात. मंग गेलं कोण? वहिनी?"

पाटणकरांनी गेटच्या रजिस्टरमधून त्याचा नंबर काढून 'आपल्या कुटुंबावर कोसळलेल्या दुःखात आम्ही सहभागी आहोत' असा संदेश त्याला पाठवला होता. आबा तर त्याच्यासमोर चहा पीत बसले होते. म्हणजे गेलं ते बिबवेवाडीत, असा त्याने हिशेब लावला. मी फोन उचलत नाही म्हटल्यावर त्याची खात्रीच झाली, आणि आबांना घेऊन तो टेम्पोने निघाला. "वाघोलीपासनं रडत आल्यात तुझ्यापायी," तो म्हणाला. "आत्ता गेटवर हाय. थांब, आबा उतरलं बघ. जिना चढाया लागलं, माझं ऐकून बी घेईनात. टेम्पो लावून आलोच."

आबा जिवंत होते. मी चेहरा पुसला आणि हे सगळ्यांना ओरडून सांगायला हॉलमध्ये गेलो. तोंड उघडलंही होतं. पण शमशुद्दीनभाई उठून माझ्यापाशी आले आणि माझे दोन्ही हात धरून हळूच म्हणाले, "हिंदुरावजी, आज घराचं बोलायची वेळ नाही. पण तुम्हाला सोमवारची घाई आहे हे आम्हाला एजंटाने सांगितलंय. अडुसष्ट लाख म्हणालात ना? अडुसष्ट. मी घासाघीस करणार होतो, खोटं कशाला बोलू. पण मयताच्या घरात भाव करत नसतात. जबान दिली."

माझं तोंड मिटलं.

सांगायला लाज वाटते, पण सांगतो. एक वाक्य बोलायचं होतं, आणि ते मी बोललो नाही. मी शकूकडे पाहिलं. तिचे पाय गादीवर सरळ पसरलेले होते, कारण तिला मांडी घालता येत नाही. अडुसष्टात धनकवडी होऊन वर दोन-तीन लाख उरत होते. मनात म्हटलं, आबा एक्याण्णव वर्षांचे आहेत, पाच मिनिटं मेले तर त्यांचं काय जातंय. आणि मग खालून काठीचा आवाज ऐकू आला. टक. थांबणं. टक. एक्याण्णव वर्षांचा म्हातारा एक्कावन्न पायऱ्या चढून मेलेल्या मुलाला बघायला येत होता, आणि जिवंत मुलगा वर त्याला मेलेला ठेवून गप्प उभा होता. प्रत्येक टक्‌ला वाटत होतं, आता बोलावं. पहिला मजला गेला, दुसरा गेला. पाटणकरांनीही मान वळवली. मी बोललो नाही.

आबा दारात आले. धाप लागलेली, मुंडासं कलंडलेलं, गालांवर ओघळ. त्यांनी मला पाहिलं आणि काठी टाकली. जवळ येऊन दोन्ही हातांनी माझं डोकं, कान, गाल चाचपले. हात ओठांवर आला आणि थांबला.

"मिशी कुठं हाय?" ते म्हणाले. "बाप जित्ता हाय न्हवं तुजा?"

पाटणकर उभे राहिले. "आपण कोण?" त्यांनी विचारलं, जणू अभ्यागताने रजिस्टरमध्ये सही करायची राहिली होती. हे आमचे वडील, असं मला सांगावं लागलं. निशाने तोंडाला पदर लावला. हसतेय की रडतेय ते कळत नव्हतं. मी खालमानेने कपाटाची, मिशीची, स्टेजिंगची, अठरा हजारांसकट सगळी हकिकत सांगितली. छत्तीस वर्षांच्या नोकरीत माझी एकदाही चौकशी लागली नव्हती. ती त्या दिवशी पांढऱ्या कपड्यांत, भरल्या हॉलमध्ये झाली.

शमशुद्दीनभाई सगळं ऐकून घेत होते. मग शांतपणे म्हणाले, "फोन आला तेव्हाच तुम्हाला कळलं होतं?"

"हो."

"आणि मी जबान दिली तेव्हा?"

"माहीत होतं," मी म्हणालो.

शकू बोलली. "त्यांच्याकडे नका बघू, भाई. माझे गुडघे गेलेत. मला हा जिना जमत नाही, म्हणून घर विकायचंय. उद्या नाही झालं तर खालची जागा जाईल. हे कुणाला सांगायचं नाही असं त्यांनी बजावलं होतं, जिन्याचं नाव काढलं की गिऱ्हाईक पळतं म्हणून. म्हणून ते गप्प बसले. चूक आहे, पण माझ्यासाठी आहे."

आबा तिच्याकडे वळले. "सूनबाई, तू ह्यो जिना रोज चढतीस?" त्यांनी विचारलं आणि उत्तराची वाट न बघता भिंतीला टेकून खाली बसले. त्यांची धाप अजून बसली नव्हती.

शमशुद्दीनभाईंनी डोक्यावरचा रुमाल काढून त्याची घडी घातली. ते उठतील, जिना उतरतील आणि सोबत धनकवडीही जाईल, हे मला दिसत होतं. "म्हणजे इथे मयत नाही," ते म्हणाले. "अल्लाचा शुक्र. मग जबान सुटली. आता भाव करायला हरकत नाही."

हे ऐकून आबांनी मान वर केली. आबांची उभी हयात बैलांच्या बाजारात गेलेली. तिथे भाव तोंडाने सांगत नाहीत. दोघांचे हात एका कापडाखाली जातात आणि बोटं धरून आकडा ठरतो, बघणाऱ्याला काही कळत नाही. आबांनी खांद्यावरचा टॉवेल सोडला आणि पुढे केला. भाईंनी टॉवेल ओळखला. त्यांचा चेहराच बदलला. त्यांचे वडीलही बैलांचे व्यापारी होते म्हणे. ते आबांसमोर मांडी घालून बसले आणि त्यांनी हात टॉवेलखाली घातला.

माझं घर, माझ्या नावावर, माझ्या हॉलमध्ये विकलं जात होतं आणि मालक या नात्याने मला त्यात काहीही काम नव्हतं. टॉवेल हलत होता. आबांचे डोळे मिटलेले, भाईंचे छताकडे. एकदा भाईंनी हात ओढल्यासारखा केला, आबांनी सोडला नाही. पाटणकर गुडघ्यांवर पुढे सरकत जवळजवळ टॉवेलवर आले होते, कारण आकडा कळल्याशिवाय त्यांना रात्री झोप लागली नसती. हे दहा मिनिटं चाललं. मग दोघांनी एकदम हात बाहेर काढले. भाईंनी आबांच्या हातावर हात मारला आणि उद्या दहाला विसार घेऊन येतो म्हणाले.

मी आबांच्या कानाशी गेलो. त्यांनी माझ्या कानात आकडा सांगितला, आणि बाजाराचा सगळा रिवाज बुडवून मी मोठ्याने म्हणालो, "सहासष्ट? आबा, दोन लाख गेले की."

"म्या मेलो असतो तर पुरं आलं असतं," आबा म्हणाले. "जित्ता हाय म्हणून दोन गेलं. म्हाग पडलो व्हय रं?"

कमरजहां शकूला काखेत हात घालून गादीवरून उठवत होत्या. एक हात गुडघ्यावर दाबून ती कशीबशी उभी राहिली आणि तिथूनच म्हणाली,

"नाही, आबा. स्वस्तात पडलात."